पंचफुलाच्या घराला चालेल ती पद्धत

पुसदच्या बाजारात मला हाक मारायची म्हणजे लोकांची मोठी पंचाईत व्हायची. शाळेतल्या बाईंना मास्तरीणबाई म्हणता येतं, सुईणीला सुईण म्हणता येतं. मी होते कुटुंबनियोजनाची बाई. एवढं नाव भाजीच्या ढिगाऱ्यावरून ओरडून कोण घेणार? मग बायका नुसतं "ओ बाई" म्हणायच्या आणि डोळ्यांनी खुणावून मला वांग्यांच्या टोपल्यांमागे न्यायच्या. पुरुष मला लांबून पाहिलं की रस्त्याची दुसरी बाजू धरायचे. जसं काही मी भर बाजारात पिशवीतून कात्री काढणार होते!

माझं माहेर यवतमाळचं. घरात आजोबांपासून कचेरीची नोकरी. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर वडिलांनी अबोला धरला, आणि पुढे या कामावर नेमणूक झाली तेव्हा पाहुण्यारावळ्यांना ते "मुलगी आरोग्य खात्यात आहे" इतकंच सांगून विषय पावसापाण्यावर न्यायचे. आईनं मात्र एकदा दार लावून घेतलं आणि विचारलं, "काय गं, ते आमच्या वेळी का नव्हतं?" त्या प्रश्नावर मी सगळी नोकरी काढली, असं म्हटलं तरी चालेल.

ही साठनंतरची वर्षं. गर्भाशयात बसवायची प्लास्टिकची लूप नवी नवी आली होती. त्याआधी आमच्या पिशवीत फेस येणाऱ्या गोळ्या, जेलीच्या नळ्या, बायकांनी आत बसवायची रबरी टोपी, पुरुषांचं रबर असा सगळा संसार असायचा. निरोध हे नाव अजून कोणी ऐकलेलं नव्हतं. शिवाय ऑपरेशनं: बाईचं पोट उघडून, पुरुषाचं भूल टोचून, चिमूटभर जागेत. कागदावर सगळ्याच पद्धती गुणी. पण कागद काही कोणाच्या घरी नांदत नाही. मी आधी घर बघायची. ही बाई निजते कुठे, न्हाणी कुठे, पाणी कुठून येतं, नवरा किती दिवस बाहेर असतो, पेटी उघडली तर कोण कोण डोकावतं. एवढं विचारून झाल्यावर मग पिशवी उघडायची. वरचे लोक म्हणायचे, बाई फार वेळ घालवतात. घालवायचेच! औषध एका बाईला द्यायचं असलं तरी ते वापरायचं असतं अख्ख्या घराच्या डोळ्यांदेखत.

हे शहाणपण मला आभाळातून पडलं नाही. पुसदच्या एका कारकुनाच्या बायकोला तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी टोपी बसवायला शिकवलं. हुशार बाई, एका दमात शिकली. टोपी धुवून वाळवून ठेवायची असते. घरात दोन जावा, एक नणंद, एकच न्हाणी. बिचारीनं ती फडताळात वरच्या फळीवर लपवली. पुढच्या खेपेला मी गेले तर सासूबाईंनी मला कौतुकानं लोणच्याची बरणी दाखवली. "आमच्या धाकटीनं पाहा कसं रबरी झाकण आणलं, जराही हवा जात नाही!" धाकटी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी. मी म्हटलं, "छान आहे हो," आणि तिला दुसरं काहीतरी शोधायच्या मागे लागले.

तिच्याच गल्लीच्या टोकाला एक मुसलमान मिस्त्री होते, ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांच्या बीबीला लूप हवी होती. मिस्त्री स्वतः आले, हाताचं ग्रीस पुसलं, लूप तळव्यावर घेऊन उजेडात फिरवून पाहिली. "बाईजी, हे किती साल चालते? अन् बिगडलं तर काढता येते ना?" मी म्हटलं, येते. "मंग ठीक हाय. जे खोलता येते तेच फिट करावं." माझ्या अख्ख्या प्रशिक्षणात लूपबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं. त्यांच्या घरात ती उत्तम चालली.

पण मला सांगायचंय ते पंचफुलाचं.

फुलसावंगीच्या अलीकडे एका गावात माझं केंद्र होतं आणि तिथेच एक खोली घेऊन मी राहायची. त्याच गावात ढोरांचा दवाखाना होता. तिथे देवराव नावाचा ड्रेसर. जनावरांच्या जखमा बांधायच्या, लसी टोचायच्या आणि गोऱ्हे खच्ची करायचे, हे त्याचं काम. आसपासच्या गावांतला एकही बैल असा नसेल, जो देवरावच्या चिमट्याखालून गेला नाही. उंचापुरा, झुपकेदार मिशीचा, आणि बोलणं अगदी मऊ. पंचफुला त्याची बायको. तीन पोरी आणि एक पोरगा. शेवटच्या बाळंतपणात तिचं अंगावरून जाणं थांबेचना. बैलांच्या दमणीत घालून तिला पुसदला नेलं, तेव्हा मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती वाटेत सारखी एकच विचारत होती, "बाई, पोरी जेवल्या असतीन काय?"

वाचली. पण डॉक्टरीणबाईंनी देवरावसमोरच स्पष्ट सांगितलं की आता पुन्हा दिवस गेले तर ही हाताला लागणार नाही. देवराव भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बसला.

मग आमची निवड सुरू झाली. लूप मीच आधी विचारली, कारण तेव्हा लूप लूप म्हणून सगळ्यांनी डोकं उठवलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्त नाही, त्यात लूपनं अंगावरून जास्त जायला लागलं तर काय करू?" बरोबरच होतं. बाईचं ऑपरेशन? पोट उघडायचं, तर आधी अंगात रक्त भरायला हवं, त्याला काही महिने लागणार. फेसाच्या गोळ्या आणि जेली मी तिला देऊ शकले असते, पण त्या चुकतात. एखादीला चुकल्या तर एक पोर वाढतं. हिला चुकल्या तर ही जाणार. रबरावर देवरावनं नुसती मान हलवली, आणि ज्या माणसानं नुसती मान हलवलीय त्याच्या भरवशावर मी एका बाईचा जीव ठेवणार नव्हते.

"मंग माह्यासाठी काहीच नाही काय?" पंचफुलानं विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "पण ते तुझ्या मालकाजवळ आहे."

तिनं पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "तो नाही ऐकाचा, बाई. तो तर रोज गोऱ्हे ठेचते."

आणि इथेच सगळं अडलं होतं. बाकीचे पुरुष ऑपरेशनाला भ्यायचे ते ऐकीव गोष्टींवरून. देवरावनं मात्र हजार वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला कोण सांगणार, की भिऊ नको?

तोवर घरातल्या बुढीनं, म्हणजे देवरावच्या आईनं, आपली पद्धत लावून टाकली. दवाखान्यातून आल्या दिवशीच तिनं सुनेचं अंथरूण उचललं आणि आपल्या बाजेला लागून टाकलं. मधे पोरी, पलीकडे बुढी, आणि बुढीची झोप अशी की उंदीर फिरला तरी "कोन हाय?" देवरावची बाज अंगणात. मला ती ठसक्यात म्हणाली, "तुमच्या पद्धतीले डाक्टर लागते, पुसद लागते. माह्या पद्धतीले काही लागत नाही." ऑपरेशनाचं नाव काढलं की मात्र अंगावर यायची. "माह्या पोराले बैल बनवता काय? एकच नातू हाय मले!" तिच्या मनात दुसऱ्या नातवाची आस होती, आणि तरीही सुनेला जपण्यासाठी ती रोज कूस न बदलता निजत होती. मी तिच्यावर रागावू शकले नाही. आणि खरं सांगू? चालू राहील तोवर तिच्या पद्धतीला तोड नव्हती.

चालू राहील तोवर. एक दिवस पंचफुला धापा टाकत माझ्या खोलीवर आली. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, पुन्हा रक्त सुरू झालं.

"बाई, बुढी चालली!"

"कुठे?"

"दिग्रसले. पोरीच्या बाळंतपणाले. सव्वा महिना तरी काही येत नाही."

हसण्यासारखं होतं, पण मला हसू आलं नाही. ती दाराची चौकट घट्ट धरून उभी होती. "तो वाईट नाही, बाई," ती म्हणाली. "पण नवरा हाय. अन् मी बी माणूसच हाव." इतकं सरळ, इतकं खरं मला आजवर कोणी सांगितलं नाही. मी चपला घातल्या आणि तडक ढोरांच्या दवाखान्यात गेले.

आता कल्पना करा. एक परकी बाई, एक परका पुरुष, आणि विषय हा! त्या काळात मी देवरावच्या घरी बसून त्याच्याशी हे बोलले असते तर गावानं दोघांनाही बोलून बोलून सोलून काढलं असतं. दवाखान्याच्या आवारात लाकडी चौकटीत एक तांबडा गोऱ्हा अडकवलेला होता. देवराव त्याच्या मानेवरून हात फिरवत होता. मी चौकटीच्या या बाजूला उभी राहिले, तो त्या बाजूला. पुढचं सगळं बोलणं आम्ही दोघांनी त्या गोऱ्ह्याकडे बघून केलं.

"मले मालूम हाय तुम्ही काहून आल्या," तोच म्हणाला. "पण बाई, मले नका शिकवू. हा पाहा. आज कसा डुरकून राह्यला, शिंग मारून राह्यला. चिमटा लावला का काही दिवसांनी हाच मान खाली घालून वखर ओढते. मी रोज पाह्यतो."

"चिमट्यात काय धरता, देवरावभाऊ?"

"दोर धरतो. अख्खा."

"त्यात काय काय असतं?"

"सारंच असते. रक्ताची नस असते, बीज नेणारी नळी असते. चेपलं का आतली गोळी सुकून जाते."

"कशानं सुकते?"

"रक्त तुटते न, म्हणून..." आणि तो थांबला.

मी बोलत राहिले. थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. "माणसाच्या ऑपरेशनात रक्ताच्या नसेला हात लावत नाहीत. गोळीलाही नाही. फक्त ती नळी कापून दोन्ही टोकं बांधतात. बाकी जिथल्या तिथे राहतं."

गोऱ्ह्यानं शेपटी झटकली. देवरावनं त्याच्या पाठीवर थाप मारली. मग विचारलं, "आवाज?"

"तोच राहतो."

"मिशी?"

"राहते."

"अन् बाकीचं... सारं?"

"तेही राहतं," मी म्हटलं. माझे कान असे तापले होते की त्यावर भाकरी भाजली असती. गोऱ्हा बिचारा आळीपाळीनं दोघांकडे बघत होता.

मग त्यानं असा प्रश्न विचारला की माझा जीव भांड्यात पडला. "खच्ची केलेला गोऱ्हा मी लगेच गाईत सोडू देत नाही, लागून जाते गाय. मांगचं राह्यलेलं असते न. माणसाचं बी तसंच असन?" तसंच असतं! आणि हे सांगून सांगून आमचा घसा कोरडा व्हायचा, कारण लोक ऑपरेशन करून घरी येत आणि त्याच आठवड्यात सगळं मुसळ केरात. मी त्याला म्हटलं, काही महिने रबर वापरायचं, मग डॉक्टर तपासून सांगतील तेव्हा सोडायचं. या खेपेला त्यानं नुसती मान हलवली नाही. रबर कसं, किती दिवस, तपासणी कुठे, सगळं खोदून खोदून विचारलं. त्याच क्षणी मला कळलं, हा माणूस मनानं पुसदला पोचला.

पण चिमटा खुंटीला अडकवता अडकवता तो म्हणाला, "मले समजलं. गावाले कोन समजावन? साऱ्या गावाचे गोऱ्हे म्या ठेचले. मले कोनी सोडन काय?"

मी खोटं बोलू शकले असते. कामावरच्या लोकांना तसं बोलायची सवय असते. मी म्हटलं, "नाही सोडणार. चिडवतील. पंचफुला गेली तर मात्र कोणी चिडवणार नाही, सगळे रडायला येतील."

त्यानं चौकटीचा आडणा काढला आणि गोऱ्ह्याला मोकळं केलं. "याचं उद्या पाहू," म्हणाला. "सोमवारी बुढीले मोटारीत बसवून देतो. मंगळवारी मी पुसदले येतो."

आला. एकटा आला, धुतलेलं धोतर नेसून. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, दुपारी तो बाकावर बसून चहा प्याला आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी गेला. जाताना मला म्हणाला, "बाई, माह्या गोऱ्ह्याइतकं बी नाही दुखलं." त्याच्या गोऱ्ह्याला किती दुखतं ते मी विचारलं नाही.

बुढी दिग्रसहून परतली आणि तिनं गाव डोक्यावर घेतलं. आधी पोरावर, मग सुनेवर, मग माझ्या दारात येऊन माझ्यावर. "मी घर राखत होती न! माही पाठ फिरली अन् तुम्ही डाव साधला!" मी ऐकून घेतलं. ती गेली आणि देवरावशी बोलायचीच बंद झाली. ताट वाढायची, पण पाटाकडे बघायची नाही. आता गावभर झालंच होतं. लोक देवरावकडे गोऱ्हे आणायचे आणि उगाच त्याच्याकडे बघत हसायचे. तो काम करायचा, बोलायचा नाही. एकदा मी त्याला विचारलं, पश्चात्ताप होतो का? म्हणाला, "नाही. पण बुढीनं बोलाले पाह्यजे."

पुढे त्याच गावातून किती पुरुष आपणहून पुसदला आले, ते मी इथे लिहीत बसत नाही. माझ्या नोकरीतलं कौतुक म्हणून वरचे लोक त्याचंच उदाहरण द्यायचे. पण ते माझ्यामुळे झालं नाही, त्या वर्षीच्या पोळ्याला झालं. त्या दिवशी मी पंचफुलाकडे जेवायला होते, म्हणून हे मला डोळ्यांनी बघायला मिळालं.

आमच्याकडे पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली उभे करतात आणि मग झडत्या रंगतात. झडती म्हणजे यमक जुळवून मारलेला टोमणा. त्या दिवशी कोणी कोणाला सोडत नाही, आणि कोणी रागवायचं नाही अशी रीत. देवराव आपली जोडी घेऊन तोरणाखाली उभा राहिला तिथूनच त्याच्यावर सुरू झालं. तोरण तुटलं, बैल घरोघर निघाले, तरी पोरासोरांसह निम्मा गाव त्याच्या मागे त्याच्या दारापर्यंत आला. पुढे गावातला नावाजलेला झडतीवाला. दारात उभं राहून त्यानं आवाज लावला:

पितळेचं घुंगरू, चवऱ्याची माळ,
देवरावभाऊवर फिरला आज काळ;
गावाचे गोऱ्हे हा चिमट्यात धरे,
पुसदले जाऊन सोताच बैल बनून फिरे!
हर बोला, हर हर महादेव!

सगळं अंगण हसलं. देवरावही हसायला गेला, पण ते जमलं नाही. कासरा हातात घट्ट धरून तो खाली बघत राहिला. इतक्या मोठ्या माणसाला असं उभं राहिलेलं बघवत नव्हतं. माझ्या मनात आलं, हे मी याच्यावर आणलं. आणि रीत अशी की रागवायचंही नाही.

पंचफुला आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. गालांवर रंग आला होता तिच्या. मी ते तोवर नीट पाहिलंच नव्हतं. तिनं रीतीप्रमाणे दोन्ही बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं, पुरणपोळी चारली. मग ताट घेऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या झडतीवाल्याकडे वळून म्हणाली, "बैल म्हणता न याले? मंग आज बैलाचाच सण हाय."

आणि भर अंगणात, सगळ्या गावासमोर, तिनं देवरावच्या पायांवर पाणी घातलं. त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. ओवाळलं. "मांगच्या साली मी मरून राह्यली होती," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "मले ओढून यानंच आणलं. तुमच्यापैकी कोन आलतं?"

बैलांच्या गळ्यातलं घुंगरू तेवढं वाजत होतं. तिनं पुरणपोळीचा तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडाशी धरला. त्या काळात नवऱ्याचं नावसुद्धा घेत नसत, आणि ही चारचौघांत त्याला घास भरवत होती! देवरावच्या डोळ्यांतून पाणी मिशीवर उतरलं. मी तर बायकांच्या घोळक्यात उभी राहून ढसाढसा रडत होते, कुटुंबनियोजनाची बाई, पदर ओला करून.

तेवढ्यात ओसरीवरून खणखणीत आवाज आला. पावसाळाभर त्या घरात न उमटलेला.

"काहून वं, कोरडीच चारून राह्यली काय त्याले? तूप लाव!"

आणि सून आत जायची वाट न बघता बुढी तुपाची वाटी घेऊन स्वतःच अंगणात उतरली.